सहल समितीस खुले पत्र : गोल वाटेवर मागे राहिलेल्या अकरा जणांबद्दल

आदरणीय अध्यक्ष, सहल समितीचे सर्व सदस्य आणि सभासद मंडळी,

सप्रेम नमस्कार.

जूनमधल्या राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीत आपण मंडळाच्या सहलीला ऑकलंडजवळच्या वाइटाकेरेच्या जंगलात गेलो होतो, त्याला आता पंधरा दिवस झाले. फोटो ग्रुपवर आले. मसालेभाताचं पातेलं, ओढ्याच्या पुलावर दाटीवाटीने उभी राहिलेली मुलं, निकाऊ पामच्या झावळ्यांखाली नऊवारीतला एक फोटो, सगळं बघितलं. खाली ‘समितीचे मनःपूर्वक आभार’ हेही वाचलं. संध्याकाळी सहाचा मात्र एकही फोटो त्यात नाही. त्या वेळी आपल्यापैकी अकरा जण अंधारात, जंगलात होते आणि उरलेली बॅटरी टॉर्चसाठी राखून ठेवत होते. त्या अकरांत मी होते, माझे एकाहत्तर वर्षांचे बाबा होते आणि तीन शाळकरी मुलं होती.

समितीतल्या दोघांशी मी आधी फोनवर बोलले. “अगं, पण सगळे सुखरूप आले ना? मग झालं तर!” असं उत्तर मिळालं. तेवढ्यात पुढच्या सहलीची घोषणाही झाली, ‘हुनुआला, सोपी गोल वाट, लहानथोर सर्वांसाठी’. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे. कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. सुट्टीच्या दिवशी पदरचं पेट्रोल जाळून चाळीसेक माणसांचा स्वयंपाक नेणं काय असतं ते मला ठाऊक आहे, दोन वर्षं मीही समितीत होते. पण ‘सोपी गोल वाट’ हे तीन शब्द आपण ज्या निर्धास्तपणे वापरतो, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

त्या दिवशी काय झालं ते आधी सांगते, कारण पुढे चालणाऱ्यांना ते माहीतच नाही.

अकराला निघायचं ठरलं होतं. आधी गाड्या लावायला जागा नव्हती, मग दोन कुटुंबं वाट चुकली, मग कुणीतरी म्हणालं, “पोरं भुकेली आहेत, जेवूनच निघू.” जेवण झालं, ताक झालं, पान झालं. जंगलात पहिलं पाऊल पडलं तेव्हा दीड वाजायला आला होता. पाटीवर लिहिलं होतं दोन तास. तो आकडा बरोबर पाणी घेऊन नीट चालणाऱ्या धडधाकट माणसाचा असतो. त्यात गुडघ्याला पट्टा बांधलेल्या काकू नसतात, दर वळणावर सेल्फी नसते आणि मसालेभातही नसतो. जूनमध्ये ऑकलंडात सूर्य सव्वापाचच्या आत मावळतो. तो उघड्यावरचा हिशेब. पोंगा, म्हणजे झाडाएवढे नेचे, आणि निकाऊ यांच्या दाट छपराखाली साडेचारलाच पायाखालची मुळं दिसेनाशी होतात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे येतात, तेव्हा ‘संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड असतो’ हा आपला उन्हाळी अंदाजही मागे घ्यायला हवा. आपण तो जूनपर्यंत तसाच बाळगतो.

तीनच्या सुमारास आम्ही मागचे खाली ओढ्यापाशी होतो. बाबांचा वेग कमी झाला होता, एक काकू दोनदा बसल्या होत्या. मी म्हटलं, इथून परत फिरू या. त्यावर जे उत्तर आलं ते तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी दिलेलं किंवा ऐकलेलं आहे : “आता निम्मं झालंच आहे. मागे गेलं काय नि पुढे गेलं काय, तेवढंच.”

गोल वाटेचा फास तो हाच. सरळ जाऊन त्याच वाटेने परतायचं असेल तर माणूस आपोआप हिशेब करतो, जितकं जाऊ तितकंच यायचं आहे. गोल वाटेवर परत फिरणं हा पर्यायच कुणाला सुचत नाही. निम्म्यानंतर तर मुळीच नाही. पण निम्मं अंतर म्हणजे निम्मा वेळ नव्हे. मागची वाट आपण पाहिलेली असते, तिथले निसरडे दगड माहीत असतात. पुढच्या वाटेवर काय आहे ते ठाऊक नसतं आणि उजेड उतरत असतो.

आपल्या सह्याद्रीच्या सवयीने आणखी एक घोटाळा होतो. गड चढताना दम आधी लागतो. ज्याला झेपत नाही तो पहिल्याच टप्प्यावर माचीवर बसतो आणि म्हणतो, तुम्ही जाऊन या. परतताना उतार असतो. वाइटाकेरेत पुष्कळ ठिकाणी हे बरोबर उलटं आहे. सीनिक ड्राइव्ह हा रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो आणि गाड्या तिथेच लागतात. म्हणजे वाट सुरू होते ती उताराने, ओढ्यापर्यंत. सगळे गप्पा मारत, हसत उतरतात. “किती सोपं आहे!” असं प्रत्येक जण म्हणतो. मग पाय थकल्यावर, पोट जड असताना, उजेड जात असताना चढ लागतो. ज्याला झेपत नाही हे कळतं, तो तेव्हा दरीच्या तळाशी असतो.

आम्ही पुढेच गेलो. मलाही नेट लावून ‘नाही’ म्हणता आलं नाही, हे कबूल करते.

पुढचे सगळे चारला गाड्यांपाशी पोचले होते. चहा झाला, ‘मागचे येतातच आहेत’ असं ठरलं आणि चार-पाच गाड्या घराकडे निघाल्या. कुणी माणसं मोजली नाहीत. मोजणार तरी कशाच्या आधारावर, निघताना यादीच केलेली नव्हती. इकडे आम्ही एका फाट्यावर आलो. दोन वाटा दिसत होत्या. एकीवर झाडाला गुलाबी त्रिकोण ठोकलेला होता. खूण आहे म्हणजे वाट आहे, असं म्हणून आम्ही तिकडे वळलो. त्रिकोण थोड्या थोड्या अंतरावर दिसत राहिले, त्यामुळे शंकाही आली नाही. पंचवीस मिनिटांनी शेवटच्या त्रिकोणाखाली एक लाकडी पेटी होती. वाकून पाहिलं तर जाळीपलीकडे एक पांढरं अंडं.

“हे कोणाचं अंडं?” एका मुलीने विचारलं. ते स्टोटसाठी, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या, पक्ष्यांची पिल्लं मारणाऱ्या प्राण्यासाठी लावलेलं आमिष होतं. आम्ही माणसांच्या वाटेवर नव्हतोच. सापळे तपासायला येणाऱ्या स्वयंसेवकांच्या ओळीवर होतो. या देशात डॉकच्या, म्हणजे संवर्धन खात्याच्या वाटांवर माणसांसाठीची खूण नारिंगी त्रिकोणाची असते. गुलाबी, निळ्या, पिवळ्या खुणा बहुधा सापळ्यांच्या आणि विषाच्या पेट्यांच्या ओळींच्या असतात. ही एवढी एक ओळ सहलीच्या मेसेजमध्ये असती तर आमचा पाऊण तास वाचला असता. मी इथे चौदा वर्षं राहते आणि मलाही ती माहीत नव्हती.

परतलो, फाटा सापडला, खरी वाट धरली, तोवर मिट्ट काळोख. रेंज नव्हतीच. त्या भागात डोंगराच्या कुशीत उतरलं की ती जाते, हे सगळ्यांना माहीत असूनही ‘काही लागलं तर फोन कर’ असं आपण एकमेकांना सांगतो. थंडी पडली. मुलांच्या अंगात एकेक हुडी, बाबांच्या अंगात स्वेटर, पाणी संपलेलं. वाटेकडेच्या ओल्या दरडीवर निळसर ठिपके चमकायला लागले तेव्हा मुलं हरखली, “काजवे!” म्हणाली. ते इथले तितिवाई, उघडमीट न करता एकसारखे उजळणारे. त्या संध्याकाळी तेवढंच एक बरं झालं. साडेसहाला आपल्यातलेच दोघे टॉर्च घेऊन खाली आले आणि आम्ही वर आलो. त्या दोघांचे आभार मी वेगळे मानले आहेत. ते जंगलात शिरले तेव्हा तेही एकमेकांच्या भरवशावरच शिरले होते, वर थांबलेल्यांनी १११ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करायचा की नाही यावर तोवर एकमत झालेलं नव्हतं.

यावर एक स्पष्ट बोलते. न्यूझीलंडमध्ये शोध आणि सुटकेचं बिल येत नाही. जमिनीवरच्या अशा शोधाचं काम पोलिसांकडे असतं आणि लँडसारचे प्रशिक्षित स्वयंसेवक त्यांच्यासोबत उतरतात. ‘उगाच पोलिसांना कशाला’, ‘मंडळाचं नाव खराब होईल’, ‘व्हिसावर काही येईल का’ असल्या कुजबुजीत पाऊण तास गेला, असं मला नंतर कळलं. उशीर झाला, अंधार पडला, माणसं मोजल्यावर कमी भरली, तर रेंज असलेल्या माणसाने फोन करायचा. पाच मिनिटांनी माणसं सापडली तर दुसरा फोन करून तसं सांगायचं, कुणी रागावत नाही.

आता दुसरी गोष्ट. खरं तर मला झोप लागू दिली नाही ती हिनेच.

माझे बाबा वरूडचे. वरूड-मोर्शीचा पट्टा म्हणजे संत्र्याचा, विदर्भातल्या मंडळींना सांगायला नको. मे-जूनमध्ये तिकडे पंचेचाळीस डिग्रीत होरपळण्यापेक्षा इथल्या हिवाळ्यात या, असं म्हणून मी त्यांना आणलं होतं. जंगलाच्या तोंडाशी बूट धुवायची जागा होती. आपल्यातले निम्मे लोक ‘रांग लांब आहे’ म्हणून बाजूने आत गेले, काहींनी चिखलाचे बूट तसेच फवाऱ्यावर टेकवले, एकाने त्याची रील काढली. बाबा वाकून काडीने बुटाच्या खाचेतली माती काढत बसले. त्यांना कशासाठी ते कुणी सांगितलेलं नव्हतं. पाटीवरचं इंग्रजी त्यांनी वाचलं नव्हतं. पाटीवर चित्र होतं, झाडाच्या बुंध्यातून ओघळणाऱ्या डिंकाचं.

“हा त डिंक्या व्हय,” ते म्हणाले.

पुढे फळीच्या वाटेवरून जाताना एक कौरी, म्हणजे इथला महाकाय वृक्ष, दिसला. खालच्या अंगाला सालीवरून पांढुरका, पिवळसर डिंक पाझरून वाळलेला, वर शेंड्याला पानं विरळ, फांद्या सुकून करड्या पडलेल्या. बाबा थांबले. आमच्या बागेतलं मरायला टेकलेलं झाड बघताना त्यांचा चेहरा जसा होतो, तसा झाला. बोलले नाहीत.

त्यांनी चित्रावरून ओळखलं ते बरोबर होतं. संत्र्याचा डिंक्या ज्या कुळातल्या जीवामुळे होतो, त्याच कुळातला हा कौरीचा मारेकरी. फायटोफ्थोरा. सुपारीवरचा कोळे रोग, बटाट्यावरचा उशिराचा करपा, हेही त्याचेच भाऊबंद. कौरीवरच्या जातीला ‘फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा’ असं नाव २०१५ मध्ये मिळालं, त्याचा अर्थच कौरीचा घात करणारा. हा दिसायला बुरशीसारखा, पण पाण्यावर जगणारा जीव. ओल्या मातीत त्याचे बीजाणू पोहत मुळांपर्यंत जातात, मुळं कुजवतात, मग झाडाला खालून पाणी-अन्न मिळेनासं होतं आणि वर शेंडा वाळत जातो. जाड सालीचे दुसरे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं नुसते पडून राहतात. टाचणीच्या डोक्याएवढी माती एका झाडाकडून दुसऱ्याकडे गेली तरी पुरते. आणि ती नेतं कोण, तर डुकरं आणि आपण. आपण जास्त.

कौरीची अन्न घेणारी बारीक मुळं जमिनीच्या अगदी वरच्या थरात असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर पसरलेली असतात. झाड पन्नास पावलांवर आहे म्हणून आपण त्याच्यापासून लांब आहोत असं नसतं. म्हणून इथे वाटेवर फळ्या आणि खडी टाकून माणसाचा पाय मातीला लागू नये अशी तजवीज केलेली दिसते. आपल्याला ती ‘म्हातारे-कोतारेही चालू शकतील म्हणून केलेली सोय’ वाटते. ती सोय झाडासाठी आहे.

हे झाड जगात फक्त न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या वरच्या भागात आपणहून उगवतं. एके काळी सुमारे बारा लाख हेक्टरवर कौरीची जंगलं होती. जहाजाच्या डोलकाठ्या, घरं, डिंक यांसाठी ती तोडली गेली, आता थोडकीच उरलीत. ज्यांनी नॉर्थलंडात वाइपोउआला जाऊन ‘ताने माहुता’ हा प्रचंड कौरी पाहिला असेल, त्यांना त्याचा पावणेचौदा मीटरच्या आसपासचा घेर आठवत असेल. आपल्या गणपतीच्या मांडवात तो बसणार नाही.

वाइटाकेरेचं हे जंगल ज्यांच्या वाडवडिलांचं, त्या ‘ते कावेराउ आ माकी’ या माओरी इवीने, म्हणजे जमातीने, डिसेंबर २०१७ मध्ये इथे राहुई घातला, म्हणजे जंगल सावरेपर्यंत माणसांनी आत जाऊ नये असं जाहीर केलं. कोकणातल्या सभासदांनी देवराईचा नियम आठवावा, फार समजावावं लागणार नाही. लोक तरीही जात राहिले. मग १ मे २०१८ पासून ऑकलंड कौन्सिलनेच वनातल्या बहुतेक वाटा बंद केल्या आणि एकेक वाट दुरुस्त करून, फळ्या टाकून, बूट धुवायची जागा करून पुन्हा उघडली. जानेवारी २०२३ चा पूर आणि पुढच्याच महिन्यातलं गॅब्रिएल वादळ यांत दरडी कोसळल्या आणि पुन्हा कितीतरी बंद झाल्या. म्हणजे त्या दिवशी आपल्याला जी वाट मिळाली, ती कुणीतरी वर्षानुवर्षं खपून आपल्यासाठी उघडलेली होती.

आणि आम्ही अकरा जण त्या गुलाबी त्रिकोणांमागे पंचवीस मिनिटं जायला आणि तेवढीच यायला त्या फळ्या सोडून ओल्या मातीत चाललो. त्यातल्या चौघांनी आत शिरताना बूट धुतलेले नव्हते. किती कौरींच्या मुळांवरून गेलो, कुणास ठाऊक. बाबा वर आल्यावर पहिलं काय म्हणाले असतील? चहा मागितला नाही. “बाई, ते बूट धुवाची जागा कुठीसाक हाय?” एवढंच. काळोखात फोनच्या उजेडात त्यांनी पुन्हा तळवे घासले. माझेही घासून दिले.

घरी आल्यावर ते मला त्यांच्या बागेची रीत सांगत होते. मला ती लहानपणापासून पाठ आहे, तरी ऐकली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, याची बोर्डो पेस्ट करून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत लावायची. दुहेरी आळं करायचं, म्हणजे ओलिताचं पाणी बुंध्याला लागत नाही. एका झाडाच्या आळ्यातलं पाणी दुसऱ्याच्या आळ्यात जाऊ द्यायचं नाही. रोगट झाडाखाली वापरलेली कुदळ धुतल्याशिवाय दुसरीकडे न्यायची नाही. वरूडचा संत्र्याचा शेतकरी हे पोटासाठी करतो. आपल्यात आयटीतले, डॉक्टर, अकाउंटंट असे शिकलेले चाळीस जण होतो आणि रांग लांब होती म्हणून बाजूने गेलो.

बूट धुवायची पद्धत लिहून ठेवते, कारण फवारा उडाला की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. आधी ब्रशने घासून माती पूर्ण काढायची, खाचाखाचांतली, टाचेखालची, काठ्यांची टोकं आणि बाबागाडीची चाकंसुद्धा. माती शिल्लक असेल तर जंतुनाशक तिच्याखाली पोचत नाही. मग फवारा. आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा. मुलांनी क्रॉक्स घालू नयेत. एक तर त्यांच्या भोकांत माती बसते, दुसरं म्हणजे ओल्या फळीवर ते घसरतात. त्या दिवशी एक मूल घसरलं ते त्यामुळेच, ग्रुपवर त्याच्या कपाळावरच्या पट्टीचा फोटो ‘शूर मावळा’ म्हणून आहे.

घसरण्यावरून आठवलं. आपल्या सहलींना आई-वडील, सासू-सासरे खूप येतात. इथे कुणी घसरून हात मोडला तर तो पाहुणा असला तरी उपचारांसाठी एसीसी, म्हणजे इथली सरकारी अपघात-भरपाई संस्था, मदत करतं. छातीत दुखलं, साखर उतरली, तर तो अपघात नव्हे, एसीसी नाही, तिथे प्रवासविम्याची पॉलिसी लागते. ज्येष्ठांना चढाच्या वाटेवर नेण्याआधी त्यांची औषधं त्यांच्या खिशात आहेत का, हे घरच्यांनी बघावं. त्या दिवशी एका काकांच्या गोळ्या गाडीत होत्या. पावसाचं थोडक्यात : शहरात ऊन असलं तरी पश्चिमेचा वारा त्या डोंगरांवर आधी रिकामा होतो, घाटमाथ्यासारखा. ओढा वर चढलेला असेल तर ओलांडायचा नाही, परत यायचं.

आता मागणी.

चाळीस-चाळीस जणांची एकच मिरवणूक नको. चालायच्या वेगाप्रमाणे तीन गट करावेत आणि ज्येष्ठांचा, लहान मुलांचा गट वेगळ्या, छोट्या वाटेवर न्यावा. अराटाकीच्या केंद्राजवळ तशी छोटी वाट आहे, तिथे थांबून बघण्यासारखंही पुष्कळ आहे, आणि धबधब्यापर्यंत न गेल्याने कुणाचं काही बिघडत नाही. प्रत्येक गटात शेवटचा माणूस ठरलेला असावा, त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. फाटा आला की पुढच्याने थांबायचं, शेवटचा दिसेपर्यंत. ‘तुम्ही डावीकडून या, आम्ही उजवीकडून येतो, मध्ये भेटू’ हा खेळ गोल वाटेवर बंद. मागच्या वर्षी तोही झाला होता. दोन्ही गटांना वाटत राहिलं की हरवलेला मुलगा दुसऱ्या गटात आहे.

परत फिरायची वेळ घरूनच ठरवून यावी. ती वेळ झाली की निम्मं झालेलं असो, पाऊण झालेलं असो, तिथे उभं राहून पुढच्या वाटेचा नकाशा बघायचा आणि मगच ठरवायचं. हिवाळ्यात साडेदहानंतर जंगलात शिरायचं नाही. जेवण परतल्यावर. हे शेवटचं मागणं सर्वांत अवघड आहे याची मला कल्पना आहे. मसालेभात थंड होतो. होऊ द्या.

माऊंटन सेफ्टी कौन्सिलचं ‘प्लॅन माय वॉक’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे. त्यात वाट निवडली की हवामान, सूचना, काय न्यायचं याची यादी मिळते आणि आपला बेत घरी राहणाऱ्या माणसाला पाठवता येतो. समितीतल्या एकाने ते वापरावं आणि घरी राहणाऱ्या एका सभासदाला सांगून ठेवावं : पाच वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर १११. मंडळाच्या शिल्लक रकमेतून सहलीपुरता एक लोकेटर बीकन भाड्याने घ्यावा. दुकानांत भाड्याने मिळतो, त्याला फोनची रेंज लागत नाही, बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव केंद्राला कळतं. दिवाळीच्या फटाक्यांवर आपण जेवढं खर्च करतो त्याच्या पासंगालाही ते भाडं पुरणार नाही.

आणि हुनुआ. तिथल्या कौरींपर्यंत हा रोग पोचू नये म्हणून केवढी धडपड चालली आहे आणि आपण वाइटाकेरेची माती बुटांना, गाडीच्या पायपुसण्यांना लावून तिकडे निघालो आहोत. जूनच्या सहलीत घातलेले बूट अजून धुतले नसतील तर आज रात्री धुवा. खरडलेली माती बागेत टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात टाका. धबधब्याच्या डोहात पोहायचा बेतही काहींनी ग्रुपवर लिहिलेला दिसला. त्या डोहात माणसं बुडून गेली आहेत, काठावर पाटी आहे, ती वाचा.

बाबा मागच्या गुरुवारी परत गेले. काल फोनवर त्यांनी पाऊस आला का, मी जेवले का, हे विचारून झाल्यावर मध्येच विचारलं, “त्या झाडाले काही लावते का वं ते लोक?” मी सांगितलं की काही झाडांच्या खोडात इंजेक्शनने फॉस्फाइट देतात, त्याने रोग दबतो, बरा होत नाही. “आपल्यासारखंच हाय मंग,” म्हणाले आणि मोसंबीच्या भावाकडे वळले.

हुनुआच्या दिवशी मी सकाळी नऊला कार पार्कमध्ये पोचते आहे. डिकीत चार कडक ब्रश, पाण्याचे दोन कॅन, एक रिकामी बादली आणि नावं लिहायला वही असेल. समितीतलं कुणी मदतीला आलं तर मातीचं काम मी घेते, वही तुम्ही धरा.

आपली,
मंडळाची एक सभासद
(मूळ गाव वरूड, सध्या वेस्ट ऑकलंड)